डाव्या हाताची गाठ

बंदरामागच्या गल्लीत बातमी आली ती अशी, की डावरीने सख्ख्या दिराचं जाळं कात्रीने टराटरा कापलं. बर्फाच्या कारखान्यापाशी ती एवढीच होती. चांभाराच्या दुकानापर्यंत पोचेतो कात्रीचा कोयता झाला, आणि दुपारी तर दिराच्या हाताला तीन टाकेही पडले. दीर त्याच वेळी त्याच हाताने बशीत चहा ओतून पीत होता, पण इतकी चांगली बातमी चालू असताना त्याच्या हाताकडे बघतंय कोण.

खरं सांगायचं तर डावरीने काहीच कापलं नव्हतं. तिने फक्त एक जाळं ओळखलं होतं. दिराला विचाराल, तर कात्री परवडली असती.

डावरी जाळी सांधते. पन्नाशी उलटलेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, मांडीवर जाळं आणि तोंडात सगळ्या गल्लीची खबर. ती डाव्या हाताने गाठ मारते, त्यामुळे तिची गाठ उलट्या बाजूला वळते. लग्नानंतर सासूने वर्षभर तिचा हात उजवीकडे वळवायचा प्रयत्न केला आणि शेवटी निदान जाळी तरी वाचावीत म्हणून नाद सोडला. नवरा गेल्यावर दिराने आपली शेड तिला कामाला दिली. निम्मं कामही त्याच्याच बोटींचं. शेडची किल्ली तिच्या कमरेला असायची, पण शेड कुणाची हे ती कधी विसरली नाही. तोही विसरू देत नसे.

त्या आठवड्यात दिराची बोट भर समुद्रात अडकली. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं पाण्याखाली तरंगत होतं, ते पंख्यात गुंडाळलं गेलं. खलाशी पाण्यात उतरून सुरीने ते सोडवत बसले, तोवर बर्फ वितळला आणि मासळी नासली. दीर परतला तो तापलेलाच. ते जाळं त्याने हातगाडीवर घालून थेट बोटमालकांच्या संस्थेच्या भर सभेत नेलं आणि मधोमध पसरलं. त्यात खेकड्यांची कवचं होती, एका पक्ष्याची पिसं, कासवाची पाठ आणि कुणा लहानग्याची चप्पल. वास असा, की पहिल्या रांगेतली माणसं आपोआप शेवटच्या रांगेत गेली.

समुद्रात जाळी टाकणारा नालायक कोण, त्याचं सभासदत्व रद्द करा, असं दीर गरजला. इथवर ठीक होतं. पण मग त्याने वहिनीला बोलावणं धाडलं. सांधणारी बाई आपली गाठ ओळखते आणि दुसरीचीही, हे बंदरात सगळ्यांना ठाऊक. ही बुद्धी त्याला कुणी दिली नव्हती, त्याची त्यालाच सुचली.

डावरी खाली बसली. डोळ्यांच्या आधी बोटांना कळलं. उलटी वळलेली गाठ, आणि दोरा हिरवा. तीन वर्षांपूर्वी दिराने कुठूनसं स्वस्तात हिरव्या दोऱ्याचं रीळ आणलं होतं, तसलं बंदरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. आठ दिवस खपून तिने हे ठिगळ सांधलं होतं. पुढे त्याने सांगितलं, की जाळं प्रवाहाने नेलं, आणि तिने त्याची समजूतसुद्धा काढली होती. प्रवाह असा सरळ रेषेत कापत नाही, हे जाळ्याची कड आता सांगत होती.

एका गाठीत खेकड्याचा पाय अडकला होता. नुसताच पाय. तिने ती गाठ ओढून पाहिली. तीन वर्षं खाऱ्या पाण्यात राहून ती तसूभरही सैल झाली नव्हती. अशा गाठीचा तिला जन्मभर अभिमान होता.

कमरेची किल्ली तिला टोचली. गप्प राहिली असती तर संध्याकाळी शेडमध्येच बसली असती.

"गाठ माझी आहे," ती म्हणाली. "दोरा भाऊजींचा. आणि जाळंही त्यांचंच."

मग जे झालं ते ऐकण्यासारखं होतं. दिराची बाजू सावरायला म्हणून एकेक मालक उठला आणि आपलीच पापं ओकून बसला. फाटकं जाळं परत आणायचं तर बोटीत जागा अडते, डिझेल वाढतं, बंदरात ते टाकायला जागा नाही, म्हणून सगळेच कापून देतात सोडून. मासळी का घटली म्हणून हेच लोक रसायनांच्या कारखान्याच्या काळ्या पाण्याला आणि मोठ्या जहाजांच्या तेलाला शिव्या घालत. ते खोटं नव्हतंच. पण नायलॉन कुजत नाही, आणि मालक नसलेलं जाळं सुट्टी घेत नाही. ओढायला कुणी नसलं तरी ते धरतच राहतं, हे मात्र कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडला नवं कुलूप. डावरीने आपली चटई घराच्या दारात टाकली आणि सांगून टाकलं: निकामी झालेलं फाटकं जाळं समुद्रातून परत आणून दाखवा, मगच नवं सांधायला घेईन. लोक हसले. बाकीच्या तीन सांधणाऱ्या दोन दिवस घाबरल्या आणि तिसऱ्या दिवशी आपापल्या चटया घेऊन तिच्या शेजारी आल्या. गल्लीतून सायकल जाईना. पोस्टमन जाळी ओलांडताना दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा त्यालाच बोलणी बसली. पलीकडच्या बंदरात काम न्यावं, तर तिथल्या बायकांनी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.

सतराव्या दिवशी एका छोट्या बोटीचा मालक ताडपत्रीखाली झाकून आपलं फाटकं जाळं घेऊन आला, चोरीचा माल आणावा तसा. डावरीने त्याला चहा पाजला आणि सगळ्यांना दिसेल असं ते दारात टांगलं. मग एकेक येऊ लागले. बर्फाच्या कारखान्यामागे ढीग झाला.

शेवटी दीर आला. खांद्यावर नवं जाळं, मधोमध मोठं भोक. जुनं फाटकं मात्र त्याने याही वेळी समुद्रातच सोडलं होतं. एवढ्या मोठ्या समुद्रात एका जाळ्याने काय होतं, असं तो आधी हळू म्हणाला. ती सुईत दोरा भरत राहिली. मग मात्र त्याचा तोल गेला, पण वहिनीचा मान ठेवूनच.

"समुद्र काय तुमच्या बापाचा आहे का, वहिनी?"

"नाही ना, भाऊजी. माझ्या बापाचा असता, तर तुम्ही त्यात टाकायच्या आधी विचारलं असतंत. जा, फाटकं घेऊन या."