पिलाचं रडणं

ऑर्लन टीग आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी वडिलांची मेंढरं सांभाळली आणि तो कायोटी मारायला लागला. वायोमिंगच्या आमच्या माळावर ही दोन्ही कामं एकमेकांना धरूनच चालतात. कायोटी कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ, आणि डोक्याने दोघांनाही भारी. त्याच्या मागे धावून तो सापडत नाही. त्याला स्वतःहून यावंसं वाटेल असा आवाज काढावा लागतो, आणि तसा आवाज आमच्या भागात फक्त ऑर्लनला साधायचा.

जुनिपरच्या लाकडाच्या शिट्ट्या तो स्वतः कोरायचा. ओंजळीत शिट्टी धरून फुंकली की वाटावं, कुंपणाच्या तारेत ससा अडकलाय आणि त्याचा जीव जातोय. माझ्या बायकोला, विल्माला, ते ऐकवत नसे.

"आवाज कुठला काढायचा हे ठरवतोस कसं?" मी एकदा विचारलं होतं.

"ज्याला बोलवायचंय त्याला आज काय हवंय ते बघायचं," तो म्हणाला. "उपाशी असेल तर ससा. माजावर असेल तर एकट्या मादीची हाळी. पोट भरलेलं असेल तर परक्या नराचं आव्हान, म्हणजे भांडायला येतो. तुझ्यासारखा."

"आणि पिलाचं रडणं?"

"ते नाही. त्याला सगळेच येतात, लेका. गुन्हेगारही आणि बिनगुन्हेगारही."

चौपन्नाव्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. तेव्हापासून तो गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. तोंडात हवाच येत नाही, मग शिट्टी फुंकणार कशी? बोलण्यासाठी गळ्याला टेकवायचं एक यंत्र मिळालं, त्यातून माशी घोंगावल्यासारखे शब्द निघत. तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने एक शिट्टी ओठांना लावून दाखवली. गाल हलले. बाकी काहीच झालं नाही.

त्याच वसंतात माझी कोकरं मरायला लागली. आठवड्यात सात. ऑर्लनने माग पाहिला, कोकरांच्या गळ्यावरचे दातांचे व्रण पाहिले आणि यंत्र टेकवलं.

"एकटा नर आहे. कड्यापलीकडून येतो. पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट नाही."

"मग ओढ्यापाशी कायोटीची जोडी राहते, ती?"

"ती जोडी खारी-उंदीर खाते, कोकरं नाही. तिला हात लावू नकोस. ती आहे म्हणून बाकीचे कायोटी या हद्दीबाहेर आहेत."

मी शहरातून बॅटरीवर चालणारी पेटी आणली. तिच्यात दोनशे आवाज भरलेले होते, बटण दाबलं की हवा तो. दहा-बारा सकाळी आम्ही वारा तोंडावर घेऊन झुडपात बसलो. ऑर्लनने ससा लावला, मग सुतारपक्षी लावला, मग हरणाचं पाडस. पण शनिवार-रविवारी येणारे हौशी शिकारी तसल्याच पेट्या घेऊन फिरायचे. तो नर पेटीतला ससा ऐकला की उलट्या दिशेने पळायचा. एकदा दुर्बिणीतून त्याची पाठ तेवढी दिसली.

"शिट्टीला आला असता," ऑर्लन म्हणाला. "प्रत्येक वेळी वेगळी वाजते ती. ही मेली रोज तेवढंच रडते."

तोवर अठरा कोकरं गेली होती. माझी झोप उडाली होती आणि जिभेवर ताबा राहिला नव्हता.

"पिलाचं लाव."

त्याने मान हलवली.

"ऑर्लन, तुला दुसरं आता जमतं काय? जे जमतंय ते तरी कर!"

हे मी बोललो. त्याने माझ्याकडे पाहिलं, यंत्र खिशात टाकलं आणि पेटीचं बटण दाबलं.

चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ओढ्याकडून आधी नर आला, सरळ, आडोसाही न घेता. ऑर्लनने त्याला पाडलं. गोळीच्या आवाजानंतरही पेटी रडतच होती, आणि मादी आली. ती पेटीपाशी थांबली, तिच्याभोवती फिरली, खाली वाकून हुंगलं. ऑर्लनने खूप वेळ लावला. मीच म्हणालो, "मार ना."

जवळ जाऊन पाहिलं तर तिचे सड दुधाने ताठले होते. चारही पंजे शाबूत, नराचेही. ऑर्लन गुडघ्यावर बसून एकेक बोट मोजत होता. ती मोजणी माझ्यासाठी होती, त्याला आधीच माहीत होतं.

बीळ शोधायला त्याला तीन दिवस लागले. मी गेलो नाही, कोकरांचं काम आहे असं सांगितलं. पाच पिलं होती, त्यातली दोन जिवंत. त्यांचं काय केलं हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ओढ्याची जागा मोकळी झाल्यावर एक बोट नसलेला तो नर बिनधास्त खाली उतरला. त्याच्यामागून आणखी तिघे आले. जूनअखेर साठ कोकरं गेली. मी पुन्हा ऑर्लनच्या दारात गेलो. विल्माने भाजून दिलेला केक माझ्या हातात होता.

"मी चुकलो. एकदा ये."

त्याने यंत्र गळ्याला टेकवलं.

"कशाने बोलावू? तो आवाज आणि त्यामागच्या गोळ्या त्यानेही ऐकल्यात त्या दिवशी."

एवढंच बोलून त्याने दार लावलं. केक मी पायरीवर ठेवला.

ऑक्टोबरात मी कळप विकला. ट्रकमध्ये चढताना मेंढ्या ओरडत होत्या आणि माझा कुत्रा गाडीमागे फाटकापर्यंत धावला. ऑर्लन आता बहिणीकडे शहरात राहतो. दोनदा भेटायला गेलो. बहीण म्हणाली, तो यंत्र चार्जच करत नाही. आम्ही स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो, कॉफी गार झाली. मी हवामानाचं बोललो, कुत्र्याचं बोललो. तो टेबलावरच्या फडक्याची घडी घालत राहिला, मोडत राहिला. तिसऱ्यांदा जायचं म्हणतो, पण जात नाही.