काळ्या कागदातली बाटली

एका मंगळवारी माझा भाऊ पुण्यात वारला. तार शिरूरला, मी शिकवतो त्या कॉलेजात आली. मी तास संपवला आणि घरी जायला दौंडची एस.टी. पकडली.

अंत्यविधीची बुद्धवंदना झाल्यावर त्याच्या प्रयोगशाळेतली माणसं आमच्या वडिलांना, आप्पांना, भेटली. त्याचे प्राध्यापक रडले. तो संशोधनाला लागण्याच्या दोन वर्षं आधी मी त्यांच्याकडेच गेलो होतो आणि त्यांनी मला नाही म्हटलं होतं. माझ्यासाठी हे रडले असते का, असा विचार त्या दिवशीही माझ्या मनात आला.

भाऊ डुकराच्या मूत्रपिंडातून एक एन्झाइम काढायचा. आप्पा दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर. क्वार्टर्सच्या मागे एक खाटीक होता. शनिवारी भाऊ यायचा, तेव्हा आप्पा ड्यूटीआधी खाटकाकडे जाऊन जेवणाच्या डब्यात बर्फ घालून मूत्रपिंडं आणायचे. माझ्यासाठी त्यांनी कधी डबा उचलल्याचं मला आठवत नाही. मला ते ‘मास्तर’ म्हणत, त्याला ‘सायंटिस’.

एन्झाइमचा रंग पिवळा, कारण त्याच्या पोटात फ्लेविन नावाचं पिवळं द्रव्य असतं. अमिनो आम्ल आलं की फ्लेविन त्याच्याकडून हायड्रोजन आणि इलेक्ट्रॉन घेतं आणि रंग जातो. मग हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन काढून नेतो, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि फ्लेविन पुन्हा पिवळं. इतकं मलाही येत होतं. फ्लेविनवरचं पहिलं पुस्तक मीच त्याला दिलं होतं. त्याला हवं होतं ते याच्या पुढचं: अमिनो आम्लाचा हायड्रोजन सुटतो तो एकटा, इलेक्ट्रॉन मागे ठेवून, की त्यांना बरोबर घेऊन? रंग जातो तो क्षण बघणारं यंत्र बंगलोरला होतं. तिथे त्याला पाळी मिळाली. तीन महिन्यांचं एन्झाइम एका बाटलीत घेऊन तो निघाला आणि दुपारच्या गाडीआधी एक रात्र दौंडला थांबला. मीही सुट्टीत तिथेच होतो.

सकाळी आप्पा म्हणाले, “एवढी मूत्रपिंडं वाहिली मी. त्यातनं निघालं काय, ते तरी दाव.”

त्याने थोडं एन्झाइम एका नळीत घेतलं, अमिनो आम्ल घातलं, नळी काठोकाठ भरून बूच लावलं. आतला ऑक्सिजन संपला तसा पिवळा रंग फिका होत गेला आणि नाहीसा झाला.

“मेलं की रं!” आप्पा म्हणाले.

“थांबा, आप्पा.” त्याने ते पेल्यात ओतलं आणि घुसळलं. पिवळा रंग परत आला.

“आयला! हवा लागली आन् जित्तं झालं! बघितलं का, मास्तर?”

मी बघितलं होतं. गेल्याच वर्षी मी दिव्याच्या ज्योतीचा प्रयोग दाखवत होतो, तेव्हा आप्पा उठून तंबाखू आणायला गेले होते.

भावाने बाटली काळ्या कागदात गुंडाळली, ओल्या फडक्यात माठाशेजारी ठेवली आणि थर्मास घेऊन तो बर्फाच्या कारखान्यावर गेला. तिथे रांग असायची.

थोड्या वेळाने आप्पांनी बाटली उचलली. कागद सोडला, बूच काढलं आणि बाटली खिडकीत उन्हात ठेवली. “कोंडून ठिवलंय बिचाऱ्याला,” ते म्हणाले. “हवा खाऊ दे जरा.”

उन्हाने फ्लेविन तुटतं. एन्झाइम तापून नासतं. अमिनो आम्लाने गेलेला रंग हवेने परत येतो, उन्हाने गेलेला येत नाही. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातात पेपर होता. शेजारणीला आप्पा खिडकीतून सांगत होते, “हे माझ्या सायंटिसनं केलंय.” मी पान उलटलं.

भाऊ आला तेव्हा बाटली फिकट आणि गढूळ झाली होती, ताकाची निवळ असते तशी. तो दारातच उभा राहिला. आप्पांनी बाटली घेऊन हलवायला सुरुवात केली.

“येतंय, येतंय आत्ता. हवा लागू दे.”

ते बराच वेळ हलवत राहिले.

“आप्पा, राहू द्या,” भाऊ म्हणाला. “जुनं झालं होतं ते. मी दुसरं करतो.”

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “दादा, तू घरातच होतास?”

“पेपर वाचत होतो.”

त्याने मान हलवली. थर्मासमधला बर्फ मोरीत ओतला आणि बंगलोरऐवजी पुण्याची गाडी धरली. नव्याने मूत्रपिंडं नेली, काम सुरू केलं. यंत्राची पुढची पाळी पावसाळ्यानंतर होती. त्याआधी त्याला ताप आला आणि भाऊ गेला.

आप्पांना अजून वाटतं, बूच जरा लवकर काढायला हवं होतं. खरं सांगितलं तर दोष त्यांच्यावर जाईल, म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगतो. पण ‘सायंटिस’ म्हणताना त्यांचा आवाज आजही बदलतो, आणि तो ऐकला की मला पुन्हा तो पेपर हातात घ्यावासा वाटतो.

बाटली शिरूरला माझ्या कपाटात आहे. कागद मी परत गुंडाळला आहे.