फोन केला की येणारी गाडी

करमाडच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत आमचं गाव आहे. देवळाभोवती थोडी घरं, आणि बाकीची माणसं आपापल्या शेतात वस्त्या करून राहणारी. बस थांबते ती फाट्यावर. तिथपर्यंत चालत जायचं, नाहीतर कुणाच्या मोटारसायकलवर मागं बसायचं. त्यामुळं फोन केला की थेट वस्तीवर येणारी छोटी बस सुरू होणार, असं ग्रामपंचायतीत सांगितलं तेव्हा लोकांनी ते ऐकून घेतलं आणि चहा पिऊन घरी गेले.

फोन घ्यायचं काम माझ्याकडं आलं. कुणाला कुठून कुठं जायचं ते लिहायचं, जवळजवळच्या लोकांची एक फेरी लावायची आणि ड्रायव्हरला कळवायचं. पहिल्या आठवड्यात जे मोजके फोन आले, त्यातले बरेचसे गाडी खरंच येते का एवढंच विचारायला.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, उभी हयात लाल गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांना हे काही पटलं नव्हतं. गाडीला वेळ असते आणि त्या वेळेला माणसानं हजर राहायचं, असं त्यांचं म्हणणं. दारोदार फिरायला ती बस आहे की वरात, असं ते एकदा जेवताना म्हणाले.

मी मग वस्त्यांवर फिरले. तिथं कळलं की लोकांना गाडी नको होती असं नाही, तिला बोलवायची लाज वाटत होती. गावाबाहेर एका वस्तीवर एक विधवा बाई राहते. सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतं. शहरात गुलमंडीतल्या एका दुकानासाठी ती परकर शिवते आणि तयार मालाचं गाठोडं डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत चालत जाते. गाडीचं ऐकून ती मला म्हणाली, "माझ्या एकटीसाठी एवढी गाडी बोलवू? गाव काय म्हणंल?"

मी तिला पुष्कळ समजावलं. गाडी तुमच्या एकटीची नाही, वाटेत आणखी लोक चढतील, असं सांगितलं. शेवटी तिनं फोन केला.

आणि त्याच दिवशी गाडी चुकली. तिनं 'लिंबाची वस्ती' सांगितलं, मी तसंच लिहिलं. मी बाहेरगावाहून सून म्हणून आलेली. आमच्या शिवारात लिंबाच्या तीन वस्त्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. ड्रायव्हर शहरातला, उस्मानपुऱ्याचा, त्याला तर काहीच माहीत नाही. तो भलत्याच लिंबाखाली थांबला आणि कुणी दिसेना म्हणून निघून गेला. खाला गाठोडं घेऊन तासभर उन्हात उभी होती. मी धावत गेले तर ती रागावली नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"तुझी चूक नाय बेटी," ती म्हणाली. "पर आता मला फोन करायला सांगू नको."

घरी येऊन मी हे सांगितलं. मामांनी दोनच गोष्टी विचारल्या, ती कुठं उभी होती आणि किती वेळ. मग ताट बाजूला सरकवलं.

"पाशिंजर उभा ठेवून गाडी पुढं गेली, असं माझ्या नोकरीत कधी झालं नाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालत खालाच्या घरी गेले आणि त्यांनी तिची माफी मागितली. तिथं काय बोलणं झालं ते मला खालानंच नंतर सांगितलं. तुम्ही तर रिटायर झालात, तुमचा काय संबंध, असं तिनं विचारलं, तर म्हणाले, गाडी कुणाचीही असो, थांबलेलं माणूस बघवत नाही.

परत आल्यावर त्यांनी मला वही घेऊन बसायला सांगितलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. कुठली वस्ती, कुणाच्या विहिरीपासून वळायचं, पावसाळ्यात कुठला ओढा लागतो. फाट्यावर उतरणारं माणूस पुढं कुठं जातं, हे त्यांनी इतकी वर्षं गाडीतून बघितलेलं होतं. लिंबाच्या तीन वस्त्यांना त्यांनी तीन नावं दिली. वरचा लिंब, ओढ्याचा लिंब आणि तिसरा, खालाचा लिंब.

मग आठ दिवस ते रोज ड्रायव्हरशेजारी बसून वाट दाखवत फिरले. खालाला कुणीच फोन कर म्हणालं नव्हतं, पण पुढच्या माल द्यायच्या दिवशी तिचा आपणहून फोन आला. "खालाच्या लिंबाखाली उभी राहते," ती म्हणाली, आणि फोनवरच हसली.

मी त्या फेरीला मुद्दाम गेले होते. गाडीत आधीच गावातले एक मोठे बागायतदार बसलेले. त्यांना शहरात जायची घाई होती. एका बाईसाठी गाडी आडवाटेला वळलेली बघून ते कुरकुरायला लागले. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मामांनी मागं वळून बघितलं.

"आज तिच्यासाठी वळली," ते शांतपणे म्हणाले, "उद्या तुमच्या दारात येतानाबी कुणीतरी आत बसलेलं असंल."

खाला आली तेव्हा बागायतदारांनी सरकून गाठोड्याला जागा करून दिली. दहाबारा दिवसांनी त्यांच्याच घरातून त्यांच्या बायकोचा फोन आला, माहेरी जायला फाट्यापर्यंत गाडी मिळंल का म्हणून.

त्यानंतर लोकांची भीड चेपली. दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, कॉलेजच्या मुली, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया, सगळ्यांचे फोन येऊ लागले. शहरातून साहेब लोक बघायला आले. आमच्याकडं गाडी चुकत कशी नाही, ही वस्त्यांची यादी कुणी केली, असं त्यांनी विचारलं. मी मामांकडं बोट दाखवणार, तोवर ते म्हणाले, "आमच्या सूनबाईनं. मी नुसता बोललो." चारचौघांत त्यांनी माझं असं नाव कधी काढलं नव्हतं.

यंदा शेजारच्या गावानंही गाडी मागितली. मामांचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मी एकटीच गेले. दोन दिवस वस्त्यावस्त्यांवर फिरले, लोकांशी बोलले, सगळं लिहून आणलं. मामांनी चष्मा लावून पान न् पान वाचलं.

"बरं लिवलंय," ते म्हणाले. "पर गाडी माघारी वळवायला जागा कुठं हाय, ते नाय लिवलं."

खरंच नव्हतं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीनं मी परत त्या गावाला गेले.