मित्राच्या ट्रंकेतला हात

मित्रा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते. आमच्या नर्सिंग स्कूलच्या लॅबमध्ये इंजेक्शनच्या सरावासाठी एक रबरी हात आहे, खांद्यापासून बोटांपर्यंत, खऱ्या माणसाच्या मापाचा. वरून कातडी, आत शिरांच्या जागी नळ्या आणि नळ्यांत लाल रंगाचं पाणी. मुलींनी टोचून टोचून कातडी गळायला लागली की ती उतरवून नवी चढवावी लागते, आणि साबणाच्या पाण्याशिवाय ती चढत नाही. बोटं बसली होती, कातडी कोपरापर्यंत आली होती... फोन टेबलावर थरथरत सरकत होता. स्क्रीनवर अशोकचं नाव, म्हणजे मित्राच्या नवऱ्याचं. मी लगेच उचलला नाही. काय ऐकू येणार ते माहीत होतं. आधी ती कातडी खांद्यापर्यंत ओढली, हात पुसले, आणि मग त्याला फोन लावला.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्यात आली आणि शिरूरजवळच्या आमच्या स्कूलमध्ये टीचर म्हणून लागली. मी केडगावहून चौफुला, न्हावरा करत स्कूटरवर यायची, ती तळेगावहून जीपनं. लॅब आम्हा दोघींकडे होती, पण रबरी हात तिचाच, हे न बोलता ठरलेलं. प्रॅक्टिकल संपलं की नळ्या साध्या पाण्यानं धुवायच्या, मोकळ्या सिरिंजनं हवा मारून आतलं पाणी काढायचं, कातडी सावलीत वाळवायची आणि पावडर लावून ठेवायची. एकदा एका मुलीनं तो हात वर्तमानपत्रावर ठेवला. छपाईची शाई रबरात उतरते आणि मग निघत नाही. मित्रानं सगळी दुपार घासलं, तरी कोपराजवळ कांद्याचे बाजारभाव उलट्या अक्षरांत राहिलेच. ती मुलगी रडवेली झाली होती. मित्रा तिला म्हणाली, "रडू नको. आरशासमोर धरला की वाचता येतं." आणि स्वतःच एवढी हसली की मुलगीही हसायला लागली.

लॉकडाऊनमध्ये स्कूल बंद झालं. बंद खोलीत, पत्र्याखाली रबर चिकट होतं, नळ्यांत बुरशी धरते. म्हणून प्रिन्सिपल मॅडमना विचारून मित्रा तो हात घरी घेऊन गेली. त्याच वर्षी नाही, पुढच्या लाटेत, अशोकचा धाकटा भाऊ प्रमोद पुण्याच्या एका हॉस्पिटलमध्ये कोरोनानं गेला. रांजणगावला कंपनीत कामाला होता, लग्न ठरत आलं होतं. त्याला घरी आणता आलं नाही. अशोक एकटा पुण्याला गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. घरात आई होती, मित्राच्या सासूबाई. मित्रा त्यांना आत्या म्हणायची. आत्यांचं विसरणं आधीपासून सुरू झालेलं होतं, अशोकला नवऱ्याच्या नावानं हाक मारायच्या. प्रमोद गेला हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "प्रमू कवा येणार हाय?"

एका दुपारी मित्रानं कातडी धुऊन तो हात ओसरीतल्या खाटेवर टॉवेलवर वाळत ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तर आत्या खाटेवर बसलेल्या, हात मांडीवर घेतलेला. "गार पडलाय गं," त्या म्हणाल्या. "प्रमूचा हात गार पडलाय. तेल आन वाईच." मित्रानं काढून घ्यायचा प्रयत्न केला. आत्या ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. फक्त दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि म्हणाल्या, "आता तरी राहू दे की." हे मला फोनवर सांगून मित्रा म्हणाली, "ताई, मी तेल कोमट करून दिलं."

तेलानं रबर कुजतं, हे आम्ही पहिल्याच तासाला मुलींना शिकवतो. मित्राला ते माहीत होतंच. रोज दुपारी आत्या तेल चोळायच्या, आणि रोज त्या झोपल्या की मित्रा साबणानं ते धुऊन पावडर लावायची. स्कूलकडे हात तो एकच होता, आणि त्याची जबाबदारी तिच्यावर होती. कातडी फुगायला लागली होती, बोटांच्या पेरांवर चिकट झाली होती.

येणं-जाणं सुरू झाल्यावर मी तिच्याकडे गेले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आजही. आत्या पदराखाली तो हात घेऊन बसल्या होत्या. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. "बस की. आत्ताच झोपलाय. मोठ्यानं बोलू नगं." मी बसले. त्या कोपर दाबत होत्या. नळीत कुठंतरी थोडं लाल पाणी राहून गेलेलं असणार, कारण दाबता दाबता सुईच्या जुन्या भोकातून एक थेंब वर आला. आत्यांनी तो पदरानं टिपला, वाकून फुंकर घातली आणि विचारलं, "दुखलं का रं?" मित्रा दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

अशोक त्या दिवसांत मागच्या दारानं घरात यायचा. ओसरीत पायच ठेवायचा नाही. "मला न्हाई बघवत," एवढंच म्हणायचा. मित्रानं कधी आग्रह केला नाही.

स्कूल उघडायची वेळ आली तेव्हा ती सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली, मीही बरोबर होते. तिनं काही झाकलं नाही. कातडी खराब झाली, कशानं झाली, आणि जुनी कातडी मला घरी ठेवू द्या, एवढं सगळं एका दमात सांगितलं. मॅडम कडक बाई. बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवीन मागवते. जुनी इथं आणू नका. कुणाला दाखवू नका." आतला सांगाडा स्कूलमध्ये परत आला. जुन्या कातडीत मित्रानं कापूस आणि मऊ लुगड्याच्या चिंध्या भरल्या, खांद्याकडून शिवून टाकली. आत्यांनी हात हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "प्रमू वाळला गं. जेवत न्हाई का तिकडं?"

आत्या गेल्या तेव्हा तो हात त्यांच्यासोबत द्यावा असं मित्राच्या मनात होतं. अशोक म्हणाला, "आईच्या मयतीत रबराचा हात? लोकं काय म्हणतील?" ती वाद घालत बसली नाही. काळ्या खणात गुंडाळून तिनं तो ट्रंकेत ठेवून दिला. पण मधूनमधून काढायची. मी एकदा बघितलं, मांडी घालून बसलेली, बोटांच्या बेचक्यांत पावडर भरत होती. मी म्हटलं, "आता कशाला गं?" तर म्हणाली, "चिकटून बसतात ताई बोटं. एकदा चिकटली की सुटी होत नाहीत."

मग तिचं दुखणं निघालं. पोटाचा कॅन्सर, आणि कळेपर्यंत फार पुढं गेलेला. केमोनं तिच्या शिरा पार आत गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा एक कोवळी नर्स शीर शोधत होती आणि घाबरली होती. मित्रानं डोळे मिटूनच तिला सांगितलं, "सावकाश बघ. मी कुठं चालले नाही." नर्स गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. आवाज बसला होता. "ट्रंकेत आहे तो... अशोकना सांगा. माझ्याबरोबर नका देऊ. प्रमोदभाऊजींना स्वतःची जागा नाही कुठं... त्यांना जागा करा." मी विचारलं, "तू का नाही सांगत?" ती म्हणाली, "त्यांनी आपणहून मागावा म्हणून थांबले होते. आता वेळ नाही थांबायला."

तिच्या जलदान विधीनंतर, पाहुणे पांगल्यावर मी अशोकला सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "ताई, येता का? एकट्याला जमंना."

त्यांचा जमिनीचा तुकडा वेळ नदीच्या अंगाला आहे. बांधाजवळ बाभळीखाली त्यानं खड्डा घेऊन ठेवला होता. खण उलगडला आणि तो बघतच राहिला. मग त्या हाताचा पंजा आपल्या पंजात धरून खड्ड्याच्या कडेला खाली बसला. "काचेतनं दाखवला ताई मला," तो म्हणाला. "नुसतं पांढरं प्लॅस्टिक. म्हणले, सही करा. मी केली. त्यो प्रमूच हुता का, ते बी मला म्हाईत न्हाई." मग त्यानं तो हात खड्ड्यात ठेवला. शेजारच्या रानातल्या सोनामावशी गवताचा भारा घेऊन बांधावरून येत होत्या. थांबल्या. "काय पुरतुयास रं अशोक?"

तो काहीही सांगू शकला असता. मेलेलं कोकरू म्हणाला असता तरी मावशी पुढं गेल्या असत्या. "प्रमोदला, मावशी," तो म्हणाला.

मावशींनी खड्ड्यात बघितलं. हात बघितला. भारा खाली टाकला, वाकून मूठभर माती घेतली आणि हळूच सोडली. "आईनं लई वाट बघितली रं तुझी," त्या खड्ड्याकडे बघून म्हणाल्या. तेव्हा अशोक रडला, पहिल्यांदाच, मोठ्यानं.

घरी आलो. खण परत ठेवायला त्यानं ट्रंक उघडली. तळाला मित्राची एक गडद निळी साडी घडी घालून ठेवलेली होती, आणि त्यावर पावडरीचा ठसा उमटलेला होता. मनगट, पंजा, पाची बोटं सुटी सुटी. हात या साडीवर ठेवून तिनं शेवटची पावडर कधी लावली असेल? हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी? खण ठेवला असता तर ठसा पुसला असता. अशोकनं खण आपल्या खांद्यावर टाकला, आणि वारा लागू नये म्हणून झाकण दोन्ही हातांनी, अगदी सावकाश, खाली आणलं.