गाडी घासणारे सर

थिनरचा वास आला की मला पारनेरच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. बहिणीला तान्ह्या बाळासह कोपरगावला सासरी पोचवायचं होतं, आणि आमच्या जुन्या गाडीचा रंग उन्हानं पार उडाला होता. व्याह्यांच्या दारात अशी गाडी न्यायची माझ्या शिक्षक वडिलांना लाज वाटत होती. गावातला गाड्यांचा पेंटर त्यांचाच विद्यार्थी, तरी ते म्हणाले, "मीच देतो रंग, त्यात काय एवढं?" "भिंत हाय का ती, चुना फासायला?" आई म्हणाली. त्यांनी स्प्रेचे डबे आणून मागच्या दारापासून सुरुवात केली, आणि तासाभरात दारावर रंगाचे ओघळ उतरले. मग वडील स्वतः जाऊन पेंटरला घेऊन आले. त्यानं ओघळांवरून बोट फिरवलं. "रंग मी मारतो, सर. पन चारच दिवस हायेत, घासायचं काम तुमी करा." वडील ओला पॉलिश पेपर घेऊन उकिडवे बसले. संध्याकाळी तो तपासायला आला आणि हसत म्हणाला, "परत घासा, सर. तुमी मला शुद्धलेखन धा-धा वेळा लिवायला लावायचे!" वडिलांनी पेपर पाण्यात बुडवून परत घासलं. कोपरगावला व्याह्यांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं, "रंग पुण्याला दिला का?" "नाही, माझ्या विद्यार्थ्यानं दिला," वडील ताठ मानेनं म्हणाले. यंदा ते गेले. शोकसभेत लोक त्यांच्या शिकवण्याबद्दल भरभरून बोलत होते, तेव्हा मला ते अंगणात उकिडवे बसून शिकताना दिसत होते.