नवमीची सवाष्ण

१८ सप्टेंबर १९९५, सोमवार, दुपारचे दोन. पितृपक्षातील अविधवा नवमी. माझी आई सौभाग्यवती गेली, म्हणून या तिथीस तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालण्याचा आमचा कुळाचार. त्या वर्षी पानावर डॉक्टरीणबाई होत्या. ओटी भरून झाली, विडा दिला, आणि त्यांनी विचारले, "ज्यांच्या नावानं जेवले, त्या कशानं गेल्या?"

ही त्यांची ख्यातीच होती. उत्तरेतल्या या तीर्थक्षेत्री, रामघाटच्या आमच्या मराठी वस्तीत त्यांचा दवाखाना होता. नवमीला त्यांना बोलावणाऱ्या घराने खिरीइतकीच या प्रश्नाचीही तयारी ठेवावी. कोणी "देवाज्ञा झाली" म्हटले, तर त्या शांतपणे म्हणत, "आज्ञेला काही कारण असेल ना? ते सांगा." बायका पदर तोंडाला लावून हसत आणि सांगून टाकत. एरवी छातीतल्या गाठीविषयी त्या नवऱ्यापाशीही बोलत नसत.

मी सांगितले. आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, बेचाळिसाव्या वर्षी. माझी धाकटी बहीणही त्याच आजाराने, चाळिशीच्या आत.

"आता माझा नंबर," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

ती हे हसत म्हणे. परंतु सासू आणि नणंद गेल्यापासून तिने ते खरेच धरले होते. ठेवणीतल्या साड्या तिने बालाजी घाटावरच्या भाचीला देऊन टाकल्या होत्या. 'माझ्यामागे घोळ नको,' हे तिचे कारण.

बाईंनी तिला समोर बसवले. "वहिनी, माहेरी कोणाला होता हा आजार?"

"माहेरचं काय विचारता? लग्न झालं, मी या घरची."

"रोगाला ते कळत नाही. आई?"

"आहे की. अजून अडकित्त्यानं सुपारी कातरते."

"मावश्या? आत्या?"

"सगळ्या ठणठणीत. भांडायला तर बिलकुल तयार."

पुढचे प्रश्न माझ्यासमोर विचारण्याजोगे नसावेत. "शास्त्रीबुवा, गायीचा घास देऊन या," अशी आज्ञा झाली. परतलो तेव्हा दोघी हसत होत्या.

"तुमची भीती उसनी आहे, वहिनी. धोका प्रत्येकीला असतो तेवढा तुम्हालाही आहे; सासूबाईंचा त्यात वाटा नाही. साड्या परत आणा."

"दिलेलं परत मागू? लोक काय म्हणतील?"

"बरी झाली म्हणतील."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमची लेक मंदा किती वर्षांची?"

"चौतीस. जबलपूरला असते."

"तिला बोलवा. तपासायला हवं."

"माझ्या मुलीचं कन्यादान झालं आहे. तिचं गोत्र आता वेगळं."

"गोत्र तुम्ही पाणी सोडून दिलंत, शास्त्रीबुवा. रक्त कुठल्या मंत्रानं काढून घेतलंत?"

जन्मभर वेदपाठशाळेत शिकवले. तसा मंत्र कोठे आलेला नव्हता.

"तिला घाबरवू नका," त्या उठत म्हणाल्या. "धोका जास्त म्हणजे रोग नव्हे. बापाकडून आलेलं असू शकतं, म्हणून लवकर तपासायचं आणि दरवर्षी तपासायचं. बस."

मंदा दिवाळीला आली. काही निघाले नाही. पुढे ती दरवर्षी येत राहिली, आणि तपासणीच्या निमित्ताने घरात आठवडाभर गडबड असे. काही वर्षांनी बाई मुलाकडे राहायला गेल्या. घाटावर निरोप द्यायला सारी वस्ती जमली होती. बाई नावेत बसून नावाड्याला त्याच्या आईविषयी विचारीत होत्या. आता नवमीला दुसरी सवाष्ण येते. विडा दिल्यावर तिच्या माहेरची चौकशी मी करतो. काहीजणी दचकतात.

त्या सोमवारी संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडच्या पीसीओवरून मंदाला फोन लावला.

"ये," म्हटले.

"बाबा, कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. म्हणूनच ये."

तेथून तसाच बालाजी घाटाकडे गेलो. भाचीने दार उघडले. काम सांगितले, तेव्हा ती गोंधळली.

"काका, मावशीनं आपल्या हातानं दिल्या होत्या."

"दिल्या होत्या. आता तिला नेसायच्या आहेत."

साड्यांचे गाठोडे खांद्यावर घेऊन घरी आलो. ते कपाटात ठेवले, कुलूप लावले आणि किल्ली पत्नीच्या हातात दिली.