उंबराच्या बिया

पिकलेल्या उंबरांचा वास आला की पनवेलच्या घरातला पंधरा वर्षांपूर्वीचा एक चहा आठवतो. तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. कर्नाळ्याच्या जंगलातून माकडांची विष्ठा आणायची, त्यातल्या बिया धुऊन गॅलरीत रुजवायच्या, हा माझा अभ्यास. मला पाहायला आलेल्या मुलाच्या आईने कुंड्यांकडे पाहत विचारलं, “कसली गं रोपं?”

“उंबराची. माकडांच्या पोटातून आलेल्या बिया आहेत. फळं खाऊन ती लांब जातात, म्हणून झाडं सगळीकडे उगवतात.”

“आणि बिया धुतेस कशात?”

“चहाच्या गाळणीत.”

सगळ्यांचे कप ओठांपाशी थांबले.

“ती गाळणी वेगळी आहे,” आई शांतपणे म्हणाली.

आमच्याकडे गाळणी एकच होती. आईच्या खोटं बोलण्याचा तेव्हा मला फार राग आला. आता त्याच मुलाशी लग्नाला चौदा वर्षं झाली, पण खरं काय ते मीही नवऱ्याला सांगितलेलं नाही.